लॅक्स्टनचा शिपाई: इंग्लंडमधल्या एका छोट्या गावाचे कागद कुठे शोधायचे

तुम्ही कळवलेली हकिकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर इतरांनाही समजेल. तुमच्या आईच्या आजीचे वडील इंग्रज शिपाई होते. १८७८ मध्ये पलटणीतून नाव कमी झाल्यावर ते मायदेशी परतले नाहीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि तिथेच वारले. त्यांच्या निवृत्तीच्या कागदाची प्रत तुमच्याकडे आहे. तिच्यावर जन्मगाव लॅक्स्टन, जवळचं शहर टक्सफर्ड, काउंटी नॉटिंगहॅम अशी नोंद आहे आणि १८५७ मध्ये भरती होताना वय १८ लिहिलं आहे. तुम्हाला त्यांचे आईवडील, त्या घरची परिस्थिती आणि ते गाव समजून घ्यायचं आहे. शिवाय एका संकेतस्थळावर त्याच आडनावाची थेट १५४० पर्यंत जाणारी वंशावळ आयती सापडली आहे, ती खरी धरावी का, असं विचारलंत. मी गेली बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलँड्स भागातली दफ्तरं चाळतो आहे आणि लॅक्स्टन हे माझ्या विशेष जिव्हाळ्याचं गाव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हातातल्या कागदापासून सुरुवात करा. तो ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या डब्ल्यूओ ९७ या मालिकेतला असणार. त्या छापील नमुन्यात जन्मस्थळासाठी ठरलेली वाक्यरचना असते: अमुक पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात), अमुक शहरात किंवा त्याच्या जवळ, अमुक काउंटीत. कारकून फक्त रिकाम्या जागा भरायचा. यातला ‘टक्सफर्ड’ हा शब्द तुमच्यासाठी फार मोलाचा आहे, कारण इंग्लंडमध्ये लॅक्स्टन नावाची तीन गावं आहेत. एक नॉटिंगहॅमशायरमध्ये, दुसरं नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये आणि तिसरं यॉर्कशायरच्या ईस्ट रायडिंगमध्ये हाउडनजवळ. ऑनलाइन शोधात नुसतं ‘लॅक्स्टन’ टाकलं की तिन्ही गावांची माणसं एकत्र येतात, आणि तयार वंशावळींत या तिघांचा काला झालेला मी अनेकदा पाहिला आहे. त्यात भर म्हणजे आपलं लॅक्स्टन जुन्या कागदांत लेक्सिंग्टन किंवा लॅक्सिंग्टन असंही येतं. शोधताना ही रूपंही टाकायला हवीत.

वय मात्र जपून घ्या. भरतीसाठी पोरं वय वाढवून सांगत आणि सार्जंट फारशी चौकशी करत नसे. जन्म १८३९ च्या आसपास धरून पुढेमागे तीन वर्षं मोकळी ठेवा.

आता इंग्लंडकडे वळण्याआधी एक काम पुण्याच्या बाजूचं करून घ्या. आडनाव आणि गाव हाताशी असलं तरी त्यांच्या वडिलांचं नाव तुमच्याकडे नाही, आणि त्याशिवाय गावात एकाच नावाची दोन मुलं निघाली तर तुम्ही अडकाल. मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये झालेले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दफ्तरात एन/३ या मालिकेत आहेत. बंगालसाठी एन/१ आणि मद्राससाठी एन/२. फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर त्या पैसे भरून पाहता येतात आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या सूची विनामूल्य आहेत. शिपायाचं लग्न भारतात झालं असेल तर त्या काळच्या लग्नाच्या नोंदीत नवऱ्याच्या वडिलांचं नाव बहुधा मिळतं. हे नाव हाती आलं की निम्मं काम झालं असं समजा.

आता मुख्य मुद्दा. इंग्लंडमधल्या छोट्या गावाचा शोध घेताना मी एकच प्रश्न धरून चालतो: या गावाकडून कुणाला काय घ्यायचं होतं आणि कुणाला काय देणं टाळायचं होतं? धर्मगुरूला दशमांश हवा होता, जमीनदाराला खंड, राजाला चुलीमागे कर, आणि गावच्या कारभाऱ्यांना परगावच्या गरिबाचा खर्च आपल्या अंगावर नको होता. यातल्या प्रत्येकाने आपापल्या सोयीसाठी माणसांची नावं लिहून ठेवली. त्यामुळे गावाचे कागद गावात क्वचितच सापडतात. ते घेणाऱ्याच्या दफ्तरात असतात. लॅक्स्टनचे कागद आज नॉटिंगहॅम, यॉर्क, ऑक्सफर्ड आणि लंडन इतक्या ठिकाणी पसरले आहेत ते त्यामुळेच. हे एकदा नीट लक्षात आलं की कुठलंही खेडं घ्या, तुम्हाला वाट दिसते.

तुमच्या शिपायाचा जन्म नेमका सरकारी नोंदणी सुरू झाल्यानंतरचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत जन्मनोंदीबरोबर आईचं माहेरचं आडनाव दिसतं आणि सूची पाहायला पैसे पडत नाहीत. लॅक्स्टनचा नोंदणी जिल्हा साउथवेल. आडनाव, १८३७ ते १८४२ हा काळ आणि साउथवेल एवढं टाकून बघा. दाखल्याची छापील प्रत महाग पडते. जुन्या जन्मांसाठी डिजिटल प्रत कमी पैशांत मिळते आणि तुमच्या कामाला तेवढी पुरते. सूचीत नाव नसलं तर हताश होऊ नका. १८७५ पर्यंत जन्म नोंदवण्याची जबाबदारी आईबापांवर पक्केपणाने टाकलेली नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत बरीच मुलं निसटली आहेत. अशा मुलाचा बाप्तिस्मा मात्र झालेला असू शकतो.

मग जनगणना. १८४१ ची जनगणना नावं देते, पण १५ वर्षांवरच्यांचं वय साधारणपणे पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलेलं असतं, नाती लिहिलेली नसतात, आणि जन्म याच काउंटीत झाला की नाही एवढंच कळतं. १८५१ ची पुष्कळ बोलकी आहे. त्यात कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, धंदा आणि जन्माचं पॅरिश, सगळं असतं. मुलगा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेल, आणि इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्या वयाची गरिबाघरची मुलं अनेकदा दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहत. तो आईबापांच्या घरात दिसला नाही तर आसपासच्या शेतघरांत ‘फार्म सर्व्हंट’ म्हणून शोधा. लॅक्स्टन पॅरिशमध्येच मूरहाउस नावाची वाडी आहे, तीही तपासा. जनगणनेची पानं त्या घरापुरती पाहून सोडू नका. संपूर्ण गाव सलग वाचून काढा. लहान गाव आहे, एका संध्याकाळी वाचून होतं. कोण शेतकरी, किती एकरांचा, कोण सुतार, कोण पाव भाजणारा, कुणाच्या घरी विधवा सासू आहे, शेजारच्या तीन घरांत एकच आडनाव का आहे, हे सलग वाचल्याशिवाय उलगडत नाही. पुढच्या काळासाठी सांगून ठेवतो: १९२१ पर्यंतच्या जनगणना खुल्या आहेत, १९३१ ची १९४२ मध्ये आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, आणि त्या पोकळीत सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही कामी येते.

इथून मागे जायचं तर चर्चच्या नोंदवह्या. हेन्री आठव्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहिण्याचा हुकूम दिला. सुरुवातीच्या बऱ्याच नोंदी कागदावर होत्या आणि त्या टिकल्या नाहीत. १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवण्याचा आदेश निघाला, तोही ‘विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासून’ अशा शब्दांत. म्हणून अनेक गावांच्या वह्या १५५८ पासून सुरू झालेल्या दिसतात. त्याच वेळी दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत पडली. मूळ वही उंदरांनी कुरतडली किंवा ओल लागून गेली असली तर या नकलांवरच भिस्त. १६४२ नंतरच्या यादवीत आणि राजाविना चाललेल्या कॉमनवेल्थच्या काळात नोंदींत भली मोठी भगदाडं आहेत. १७३३ पर्यंत लॅटिन भेटेल, पण मोजक्याच ठरावीक शब्दांत, त्याची धास्ती घेऊ नका. १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १७३० म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७३१. आईबापांचं लग्न आणि मुलाचा जन्म यांचा हिशेब जुळत नसेल तर आधी हे तपासा. १७५४ पासून लग्नाची नोंद स्वतंत्र वहीत, सह्या किंवा अंगठ्याच्या जागी काढलेल्या फुलीसकट येते. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण आलं. तुमच्या शिपायाचा बाप्तिस्मा याच नमुन्यात असेल आणि तिथे बापाच्या धंद्यापुढे बहुधा एकच शब्द असेल, पण त्या शब्दावरून पुढे कुठल्या दफ्तरात जायचं ते ठरतं.

नॉटिंगहॅमशायरबद्दल एक खास गोष्ट. हा भाग १८३७ पर्यंत यॉर्कच्या धर्मप्रांतात होता, मग लिंकनकडे गेला आणि १८८४ मध्ये साउथवेलचा वेगळा धर्मप्रांत झाला. नवख्या माणसाला हा तपशील कोरडा वाटेल, पण याच्यामुळेच कागद तीन ठिकाणी विभागले गेले आहेत. आणि यॉर्कशी असलेल्या संबंधाचा एक मोठा फायदा आहे. यॉर्कशायरच्या विल्यम डेड या धर्मगुरूने नोंदी ठेवण्याची एक विस्तृत पद्धत सुचवली आणि १७७७ पासून आर्चबिशपने तिला पाठबळ दिलं. या डेड पद्धतीच्या वहीत एका बाळाच्या बाप्तिस्म्यापुढे काय काय असतं बघा: ते आईबापांचं कितवं अपत्य, जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख, बापाचा धंदा, बापाच्या आईबापांची नावं आणि गाव, आईचं माहेरचं नाव, आणि आईच्या बापाचं नाव, धंदा, गाव. एका ओळीत तीन पिढ्या! सगळ्या गावांनी ही पद्धत पाळली नाही. पुष्कळ धर्मगुरूंना एवढं लिहिण्याचा कंटाळा होता, आणि १८१३ च्या छापील नमुन्याने ती बंदच पाडली. पण तुमच्या शिपायाचे आईबाप किंवा आजी-आजोबा याच काळात जन्मलेले असू शकतात. त्यांची नोंद लॅक्स्टनमध्ये किंवा शेजारच्या एखाद्या गावात या पद्धतीने झालेली निघाली तर नशीबच उघडलं म्हणायचं.

शेजारच्या गावांबद्दल म्हणालो, कारण मजूर माणूस दहा-बारा मैलांच्या आत सतत फिरत असे आणि लग्न बहुतेक वेळा नवरीच्या गावी होई. एग्मंटन, नीसल, ऑसिंग्टन, वेलो, टक्सफर्ड, ऑलर्टन ही नावं कागदावर लिहून भिंतीला लावा. या सगळ्यांच्या जुन्या नोंदवह्या नॉटिंगहॅम शहरात कॅसल मेडो रोडवरच्या नॉटिंगहॅमशायर आर्काइव्ह्जमध्ये आहेत. भारतातून काम करताना आधी फॅमिलीसर्च आणि फ्रीरेज या विनामूल्य सूची बघा, मग सशुल्क संकेतस्थळावर मूळ पानाचं छायाचित्र. सूचीवर कधीही थांबू नका. सूची करणारा माणूस ‘याच पॅरिशचा’ किंवा ‘विधुर’ असे शब्द गाळून टाकतो आणि नेमके तेच आपल्याला हवे असतात.

आता गरिबीचे कागद. तुमचा माणूस १८ व्या वर्षी फौजेत गेला, त्यावरून घरची शेती मोठी नसावी असा माझा अंदाज आहे, आणि अशा घरांचा सगळ्यात जिवंत इतिहास गरिबांच्या कायद्याखाली झालेल्या कागदांत मिळतो. १६०१ च्या कायद्याने गरिबाला पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर आली. १६६२ च्या कायद्याने प्रश्न उभा केला, की हा गरीब नेमका कुठल्या पॅरिशचा? मग न्यायाधीशांपुढे त्या माणसाची जबानी होई. तो सांगे: माझा जन्म अमुक गावी, नऊ वर्षांचा असताना अमुक शेतकऱ्याकडे राहिलो, पुढे अमुक ठिकाणी वर्षाच्या करारावर इतक्या पगाराने होतो, अमुक साली अमक्या बाईशी लग्न केलं, मुलं इतकी. स्वतःच्या हाताने कधी एक अक्षर न लिहिलेल्या शेतमजुराचं अख्खं आयुष्य त्याच्याच तोंडून मिळावं, असा दुसरा कागद मला माहीत नाही. वर्षभर एका गावी चाकरी केली की त्या गावचा हक्क लागू होई, म्हणून काही मालक मुद्दाम वर्षाला थोडे दिवस कमी असा करार करत. हेही या जबान्यांतून दिसतं. या जबान्या, परत पाठवणीचे हुकूम, अनौरस मुलांच्या बापांकडून घेतलेले जामीन, गरिबांचा निधी सांभाळणाऱ्या ओव्हरसीअरचे हिशेब हे सगळं ‘पॅरिश चेस्ट’ म्हणून ओळखलं जातं, कारण ते चर्चमधल्या कुलूपबंद पेटीत ठेवलेलं असे. सगळ्या गावांचं टिकलेलं नाही. लॅक्स्टनचं काय काय उरलं आहे ते आर्काइव्ह्जच्या सूचीत गावाचं नाव टाकून बघा, आणि काउंटीच्या क्वार्टर सेशन्सची, म्हणजे दर तीन महिन्यांनी भरणाऱ्या न्यायालयाची, दफ्तरंही सोडू नका. एका गावाने दुसऱ्या गावावर केलेले दावे तिथे आहेत.

१८३४ च्या नव्या कायद्यानंतर गावं एकत्र करून युनियन झाल्या आणि लॅक्स्टन साउथवेल युनियनमध्ये आलं. साउथवेलचं वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवायचं घर, १८२४ मध्ये रेव्हरंड जॉन बीचर यांच्या पुढाकाराने उभं राहिलं आणि नव्या कायद्याच्या वेळी त्याच्याकडे नमुना म्हणून पाहिलं गेलं. ती इमारत आज नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि आतून पाहता येते. बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मुलं तिसरीकडे, आणि मधल्या उंच भिंती. अठराव्या वर्षी घर सोडून पोरं फौजेत का जात, हे तिथे उभं राहिलं की समजतं.

लॅक्स्टनपुरतं बोलायचं तर खरा खजिना चर्चपेक्षा जमीनदाराच्या दफ्तरात आहे, आणि या गावाचं वेगळेपणही तिथेच. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बहुतेक गावांची मोकळी सामाईक शेतं कायद्याने कुंपणं घालून वाटून टाकली. लॅक्स्टनमध्ये ते पूर्ण झालंच नाही. साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड ही तीन मोठी शेतं आजही पट्ट्यांत विभागलेली आहेत. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक, असा तीन वर्षांचा फेरा चालतो. कुठल्या शेतकऱ्याने आपली पट्टी नांगरताना बांधाच्या गवतात किंवा वाटेत घुसखोरी केली, हे बघायला नोव्हेंबरच्या शेवटी गावचे ज्युरी गव्हाच्या शेतातून पायी फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये कोर्ट लीट भरतं. तिथे दंड होतो, पुढच्या वर्षाचे ज्युरी नेमले जातात. जहागिरीच्या काळापासून चालत आलेलं हे न्यायालय अजून खरोखरीच्या शेतीचा कारभार बघतं.

ही जहागीर पिअरपाँट घराण्याकडे, म्हणजे पुढे अर्ल मॅनव्हर्स यांच्याकडे होती. १९५२ मध्ये त्यांनी ती शेती मंत्रालयाला विकली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये पुन्हा त्याच घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे आली. घराण्याची दफ्तरं नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागात मॅनव्हर्स संग्रह म्हणून आहेत. खंडाच्या यादीत मोठे शेतकरी असतात तसे झोपडीचे दोन-चार शिलिंग भरणारेही असतात. तुमच्या शिपायाचा बाप मजूर असला तरी कुणाच्या तरी झोपडीत राहत होता, आणि ती झोपडी इस्टेटची असेल तर त्याचं नाव तिथे येईल. कोर्टाच्या नोंदींत ज्युरींची नावं आणि दंड झालेल्यांची नावं असतात: अमक्याची डुकरं मोकळी सुटली, अमक्याने हद्दीपलीकडे नांगर घातला. एखाद्या पूर्वजाचा स्वभाव कळावा असे कागद फार थोडे, त्यात हे.

आणि मग तो नकाशा. लॅक्स्टनची जहागीर नव्याने घेतलेल्या सर विल्यम कोर्टन यांच्यासाठी मार्क पिअर्स या मोजणीदाराने १६३५ मध्ये केलेला हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. त्यावर गावातलं प्रत्येक घर आहे, शेताची प्रत्येक पट्टी आखलेली आहे, आणि मोकळ्या जागांत नांगरणारे, कापणी करणारे, शिकारीमागे धावणारे चिमुकले लोक रंगवलेले आहेत. सोबत मोजणीचं पुस्तक आहे. त्यात पट्टीचा धारक कोण आणि क्षेत्र किती ते एकर, रूड आणि पर्च या मापांत लिहिलं आहे; चाळीस पर्चचा एक रूड आणि चार रूडचा एक एकर. त्यामुळे १६३५ साली लॅक्स्टनमध्ये जमीन धरणाऱ्या माणसाची कुठली पट्टी कुठल्या शेतात, कुणाच्या पट्टीला लागून होती, हे आज बोट ठेवून दाखवता येतं. ऑर्विन दांपत्याने १९३८ मध्ये याच नकाशाच्या आधारे मोकळ्या शेतांवर पुस्तक लिहिलं आणि गाव अभ्यासकांना माहीत झालं. तुमचा धागा १६३५ पर्यंत पोचेल की नाही हे आता सांगता येत नाही. पण त्या आडनावाची माणसं तेव्हा गावात होती का, हे तपासायला वंशावळ पूर्ण व्हायची वाट पाहायची गरज नाही. तेच काम १६४१-४२ च्या प्रोटेस्टेशन रिटर्न्सने (प्रोटेस्टंट धर्मनिष्ठेची शपथ घेतलेल्यांच्या याद्यांनी) आणि १६६४, १६७४ च्या चूल कराच्या याद्यांनी होतं. पहिल्यात गावातल्या प्रौढ पुरुषांची नावं आहेत, दुसऱ्यांत घरागणिक चुलींची संख्या. नॉटिंगहॅमशायरच्या या दोन्ही प्रकारच्या याद्या टिकल्या आहेत आणि छापून निघालेल्या आहेत.

मृत्युपत्रांचं थोडक्यात सांगतो. १२ जानेवारी १८५८ पासून ती सरकारी प्रोबेट दफ्तरात आहेत आणि वार्षिक सूची ऑनलाइन आहे. त्याआधीची धर्मन्यायालयांत. नॉटिंगहॅमशायरच्या बहुतेक भागासाठी ती यॉर्कची न्यायालयं, म्हणून यॉर्क विद्यापीठातली बोर्थविक इन्स्टिट्यूट आणि नॉटिंगहॅमशायर आर्काइव्ह्ज या दोन्हींची सूची पाहावी लागते. मजुराचं मृत्युपत्र नसेल, पण त्याच्या मामाचं किंवा त्याला कामावर ठेवणाऱ्या शेतकऱ्याचं असेल. सतराव्या शतकातल्या मृत्युपत्राबरोबर घरातल्या वस्तूंची यादीही येते, अगदी परातींपासून कोंबड्यांपर्यंत. चर्चच्या न्यायालयाचे बाकीचे कागद, म्हणजे लग्नाचे परवाने आणि चर्चवॉर्डननी (चर्चच्या कारभाऱ्यांनी) गावकऱ्यांविरुद्ध केलेल्या तक्रारी, नॉटिंगहॅम विद्यापीठातच आहेत, तेव्हा मॅनव्हर्स संग्रहासाठी पत्र लिहाल तेव्हा याचीही चौकशी करा.

गावाचं चित्र उभं करायला विनामूल्य साधनंही भरपूर आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे इंग्लंडचे जुने नकाशे ऑनलाइन ठेवले आहेत. पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशावर विहीरसुद्धा दिसते. लेस्टर विद्यापीठाच्या संग्रहात व्हाइट, केली वगैरे प्रकाशकांच्या जुन्या डिरेक्टऱ्या, म्हणजे गावोगावच्या व्यावसायिकांच्या छापील याद्या, आहेत. व्हाइटची १८४४ ची नॉटिंगहॅमशायरची डिरेक्टरी तुमच्या शिपायाच्या बालपणाचीच. त्यात गावातल्या शेतकऱ्यांची आणि कारागिरांची नावं आहेत, मजुरांची नाहीत. साउथवेल अँड नॉटिंगहॅम चर्च हिस्टरी प्रोजेक्टने लॅक्स्टनच्या सेंट मायकल चर्चचा इतिहास दिला आहे. चर्चच्या आवारात पूर्वजाचा दगड सापडेल अशी आशा मात्र फार धरू नका. गरिबांना दगड परवडत नसे. जुन्या वर्तमानपत्रांत गावाचं नाव टाकून शोधा: चोरी, आग, अपघाती मृत्यूची चौकशी, नांगरणीच्या स्पर्धेतली बक्षिसं. नांगरणीत बक्षीस मिळवलेला मजूर जनगणनेतल्या एका शब्दापेक्षा कितीतरी जवळचा वाटू लागतो.

राहिली ती १५४० ची आयती वंशावळ. तिचा स्वीकार किंवा धिक्कार करण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, ज्या गावाच्या नावाने नोंदी दिल्या आहेत त्या गावाच्या नोंदवह्या मुळात कुठल्या वर्षापासून टिकल्या आहेत? वहीच १५४० नंतर सुरू होत असेल तर ती नोंद आली कुठून? दुसरी, १६४२ ते १६६० हा काळ वंशावळीने कसा ओलांडला आहे? तिथे मृत्युपत्र किंवा जमिनीचा कागद जोडलेला नसेल तर केवळ नावसाधर्म्यावर उडी मारली आहे असं धरा. तिसरी, आणि हे काम जवळजवळ कुणीच करत नाही: वापरलेल्या प्रत्येक बाप्तिस्म्यासमोर त्याच नावाच्या मुलाचं दफन शोधा. त्या काळी लहान मुलं फार जात, आणि गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची रीत होती. दोन वर्षांचा असताना पुरलेला जॉन वंशावळीत पुढे सहा मुलांचा बाप झालेला मी बघितला आहे. तुमच्या त्या वंशावळीत लॅक्स्टनची माणसं अचानक यॉर्कशायरला जातात असं तुम्ही लिहिलंत. हाउडनजवळच्या लॅक्स्टनची सरमिसळ तिथेच झाली असावी, अशी मला दाट शंका आहे. १८३९ पासून एकेक पिढी पुराव्यानिशी मागे न्या. त्या वंशावळीशी जिथे गाठ पडेल तिथे पडेल.

कामाचा क्रम म्हणून सांगायचं तर आधी एन/३ मधली लग्नाची नोंद, मग जनरल रजिस्टर ऑफिसची सूची, मग १८४१ आणि १८५१ ची जनगणना, मग बाप्तिस्मा. एवढं घरबसल्या होईल. त्यानंतरच आर्काइव्ह्जला लिहा. ईमेलमध्ये कुटुंबाची सगळी कहाणी लिहिलीत तर उत्तर मोघम येईल. एक व्यक्ती, एक गाव, दहा वर्षांचा काळ, तुम्ही आधीच काय तपासलंत आणि नेमकी कुठली मालिका हवी, एवढंच लिहा. तिथली माणसं मनापासून मदत करतात. विद्यापीठाकडे विचारताना ‘लॅक्स्टनच्या खंडाच्या याद्या, १८३० ते १८६०’ असं नेमकं विचारा. स्वतः जाणं शक्य नसेल तर दोन्ही ठिकाणी सशुल्क शोध आणि प्रती यांची चौकशी करता येते, आणि नॉटिंगहॅमशायर फॅमिली हिस्टरी सोसायटीचं सदस्यत्व घेतलंत तर स्थानिक सूची आणि जाणकार माणसं दोन्ही मिळतील. पुढेमागे प्रत्यक्ष जायचा बेत ठरलाच तर नोव्हेंबरच्या अखेरीस जा आणि कोर्टाची तारीख आधी विचारून घ्या. लग्नाची नोंद मिळाली की तिच्यातला शब्दन्‌शब्द मला कळवा, विशेषतः वडिलांचं नाव आणि साक्षीदार कोण होते ते. पलटणीतल्या साक्षीदारांत गावचाच एखादा सोबती असण्याची शक्यता असते, आणि मग दोन्ही घरं एकाच वेळी शोधता येतील.